बारा आमदारांत बाई नाही

कोराडीच्या बाजूने येताना खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. त्यांच्या आसपास चिचोली, पोटा, चनकापूर, वलनी, सिल्लेवाडा ही गावे पसरली आहेत. बाहेरचा माणूस या सगळ्या पट्ट्याला सरसकट 'खापरखेडा' म्हणतो. केंद्र १३४० मेगावॅटचे, कोळशाच्या खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, तालुका सावनेर, विधानसभा सावनेर, लोकसभा रामटेक. इथल्या मतदाराला पदावर बसलेली बाई नवी नाही. ग्रामपंचायतीत अर्ध्या जागा बायकांच्या आहेत. जिल्हा परिषदेत निशा सावरकर, रश्मी बर्वे, मुक्ता कोकड्डे अशा लागोपाठ तीन महिला अध्यक्षांच्या खुर्चीत बसल्या. आता विधानसभेकडे बघा. नागपूर जिल्ह्यात बारा मतदारसंघ आहेत, सहा शहरात आणि सहा ग्रामीण भागात. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत या बाराही ठिकाणी पुरुष निवडून आले.

म्हणजे ज्या जिल्ह्यात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्याच जिल्ह्यातून विधानसभेत एकही जात नाही. दोन्हीकडे मतदार तेच, पक्षही तेच. फरक एवढाच की खाली जागा कायद्याने राखलेल्या आहेत आणि वर तिकीट पक्षाच्या हातात आहे. महिला आरक्षणाच्या साऱ्या वादाचे मूळ या फरकात आहे. बायकांना राजकारणात रस नाही, त्यांना कारभार जमत नाही, मतदार त्यांना स्वीकारत नाही, ही कारणे निदान या जिल्ह्यापुरती तरी मोडीत काढायला हवीत.

रामटेक मतदारसंघातले २०२४ चे लोकसभेचे प्रकरण आठवून पाहावे. रामटेक राखीव, अनुसूचित जातीसाठी. काँग्रेसने जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्ष रश्मी बर्वे यांना उमेदवारी दिली. २८ मार्चला जात पडताळणी समितीने त्यांचे जात प्रमाणपत्र रद्द केले आणि अर्ज बाद झाला. पर्यायी उमेदवार म्हणून त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचा अर्ज भरलेला होता. तो टिकला आणि ते सुमारे ७६ हजार मतांनी निवडून आले. सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समितीचा तो निर्णयच रद्द ठरवला. तोवर खासदारकी घरातच, पण नवऱ्याकडे गेलेली होती. गावोगाव 'सरपंचपती'च्या नावाने बोटे मोडली जातात. इथे उलटे घडले. नाव बाईने कमावले आणि दिल्लीला नवरा गेला. यात त्या दोघांचा दोष काढण्यासारखे काही नाही. पण पक्षाला आयत्या वेळी पर्याय लागला तेव्हा तो घरातच सापडला, आणि जिल्हा परिषदेत कारभार केलेली दुसरी एखादी बाई कोणाला सुचली नाही, हे मात्र नोंदवून ठेवावे.

रामटेकने महिला खासदार पाहिलेलीच नाही असे नाही. १९९८ मध्ये राणी चित्रलेखा भोसले इथून लोकसभेवर गेल्या. त्यांचे पती तेजसिंहराव १९९१ मध्ये इथलेच खासदार होते. विधानसभेला कामठीतून १९९९ मध्ये सुलेखा कुंभारे निवडून आल्या आणि मंत्रीही झाल्या. अशी नावे आठवावी लागतात, यातच सगळे आले.

नागपूरकरांनी मात्र आणखी मागे जायला हरकत नाही. अनसूयाबाई काळे १९२८ मध्ये मध्य प्रांताच्या विधिमंडळात आल्या. सविनय कायदेभंगाच्या वेळी त्यांनी राजीनामा दिला आणि १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या उपसभापती झाल्या. आष्टी-चिमूरच्या फाशीच्या कैद्यांसाठी त्यांनी केलेली धडपड विदर्भातल्या जुन्या पिढीला ठाऊक होती. १९५२ आणि १९५७ अशा दोन्ही वेळा नागपूरने त्यांना लोकसभेवर पाठवले, तेही कोणत्याही राखीव जागेशिवाय.

गंमत अशी की अनसूयाबाई ज्या अखिल भारतीय महिला परिषदेत वाढल्या आणि पुढे जिच्या अध्यक्ष झाल्या, त्या परिषदेचाच राखीव जागांना विरोध होता. १९३१ च्या सुमारास महिला संघटनांची भूमिका स्पष्ट होती : सर्व प्रौढांना मताधिकार द्या, आम्हाला मेहेरबानी नको. इंग्रजांनी ते ऐकले नाही. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभांत मिळून ४१ जागा बायकांसाठी राखल्या गेल्या. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या ११२ जागांपैकी त्यांच्या वाट्याला आल्या ३. घटना समितीतही हंसा मेहता आणि रेणुका राय यांनी महिलांसाठी वेगळ्या जागा नकोत असेच सांगितले. स्वातंत्र्य आले की कर्तबगार बाईला वाट आपोआप मिळेल, असा त्या पिढीचा विश्वास होता. तो स्वच्छ होता, पण शिकलेल्या आणि वरच्या जातीतल्या घरांच्या अनुभवातून आलेला होता.

त्याच काळात नागपुरातच दुसरा आवाज उठला. तो मराठी वाचकालाही पुरेसा माहीत नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि बाबासाहेब आंबेडकर भाषणाला आले होते. हजारो बायका जमल्या होत्या, त्यांत गिरणीत आणि विडीच्या कारखान्यात राबणाऱ्याही होत्या. ठराव झाले ते घटस्फोटाच्या हक्काचे, बहुपत्नीत्व बंद करण्याचे, कामगार बायकांना पगारी रजा देण्याचे. त्यात एक ठराव असाही होता की जिथे जिथे दलितांना राखीव जागा आहेत, त्या सर्व विधिमंडळांत आणि लोकसंस्थांत दलित स्त्रियांसाठीही जागा राखाव्यात. 'आरक्षणात आरक्षण' हा नव्वदच्या दशकात दिल्लीत निघालेला फाटा असल्यासारखे आजही बोलले जाते. प्रत्यक्षात ती मागणी नागपूरच्या मंडपात, स्वातंत्र्याच्या पाच वर्षे आधी, ज्यांना तिची गरज होती त्या बायकांनीच केली होती. प्रस्थापित महिला संघटना आरक्षण नाकारत होत्या तेव्हाची ही गोष्ट आहे.

पुढची पंचवीस-तीस वर्षे या प्रश्नावर फारसे काही हलले नाही. पहिल्या लोकसभेत महिला सुमारे पाच टक्के होत्या. १९७४ मध्ये स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीचा अहवाल आला. तिच्यातही बहुमत विधिमंडळातल्या आरक्षणाच्या विरोधातच गेले. वीणा मजुमदार आणि लोतिका सरकार यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. इकडे मुंबईत मृणाल गोरे नगरसेविका, आमदार, खासदार अशी पायरी-पायरीने वर गेल्या, पण त्यांच्यामागे पाण्याचे आणि महागाईचे मोर्चे होते. आरक्षणाशिवायही बाई वर जाते याचा दाखला म्हणून त्यांचे नाव नेहमी घेतले जाते. एका मृणालताईंसाठी केवढे आंदोलन उभे राहावे लागले, हे मात्र कोणी मोजत नाही.

महाराष्ट्राची खरी कामगिरी खालच्या पातळीवर आहे. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर ग्रामपंचायती बायकांनीच लढवण्याचा कार्यक्रम घेतला. जळगावातले विटनेर, यवतमाळातले मेटीखेडा अशा गावांत अख्खी पंचायत बायकांची झाली. १९९० मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा राखल्या. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि देशभर एक तृतीयांश झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या ५० टक्क्यांवर नेल्या. या आरक्षणात अनुसूचित जाती, जमाती आणि नागरिकांचा मागास प्रवर्ग (नामाप्र) या तिन्हींतल्या महिलांचा वाटा वेगळा ठरलेला असतो. नागपूरच्या मंडपातली मागणी गावच्या चावडीपर्यंत अशी उतरली.

हे आरक्षण प्रत्यक्षात कसे उतरते ते पाहायचे तर सोडतीच्या दिवशी तहसील कार्यालयात जावे. टेबलावर पारदर्शक बरणी, आत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. शाळेतल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला पुढे बोलावतात. हात आत जातो, चिठ्ठी उघडते, तहसीलदार वाचतात : 'सर्वसाधारण महिला'. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. दोन वर्षांपासून लग्नाकार्याला हजेरी लावून, मंडळाला वर्गणी देऊन तयारी केलेला गडी मान खाली घालतो, मोबाईल काढतो आणि घरी फोन लावतो. 'कागदपत्रं काढून ठेव, शाळेचा दाखला पाहून ठेव.' बाईचा राजकारणातला प्रवेश पुष्कळदा या फोनने होतो.

तो तिथेच संपतो का, हा प्रश्न आहे. पहिल्या खेपेला पुष्कळ ठिकाणी संपतो. ग्रामसेवकाशी नवरा बोलतो, सही तेवढी बाई करते. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाला या 'पतिराजा'वर समिती नेमावी लागली आणि २०२५ मध्ये तिने दंडाची शिफारसही केली. पण तीस वर्षांत बदललेही बरेच. महिला ग्रामसभा आधी घ्यावी, मग मोठी ग्रामसभा, असा नियम महाराष्ट्रात आहे, आणि जिथे बचत गट जोरात आहेत तिथे ही सभा कागदावर राहत नाही. महिला राखीव सरपंचपदावर अविश्वास आणायला तीन चतुर्थांश मते लागतात. तरीही तिला घालवण्याचे मार्ग लोक शोधतातच. जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचाला सरकारी जागेत राहते म्हणून अपात्र ठरवले गेले. ते प्रकरण २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तिला पद परत दिले आणि बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचत नव्हते, अशा अर्थाचे ताशेरे ओढले.

आरक्षणाने नेमके काय होते, यावर दोन अभ्यास वारंवार सांगितले जातात. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती तपासल्या. प्रमुखपद महिलेकडे असलेल्या ठिकाणी बायकांच्या तक्रारीच्या कामांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर, जास्त खर्च झाला होता. सोडतीने पदे वाटली जात असल्यामुळेच ही तुलना करता आली. दुसरा अभ्यास आपल्या मुंबईचा. रिखिल भवनानी यांनी पाहिले की महापालिकेचा जो वॉर्ड १९९७ ला महिला राखीव होता आणि २००२ ला खुला झाला, तिथे बाई निवडून येण्याची शक्यता १९९७ ला राखीव नसलेल्या वॉर्डाच्या सुमारे पाचपट होती. एकदा निवडून आलेली बाई खुल्या जागेवरही टिकते आणि पक्षही मग तिला तिकीट देतो. म्हणजे अडते ते तिकिटावर. मतदार वाट्टेल त्याला मत देतो, पण आधी नाव मतपत्रिकेवर यावे लागते.

आणि तिथे आकडे बोलके आहेत. २०२४ च्या विधानसभेला राज्यात ४,१३६ उमेदवार होते, त्यांत महिला ३६३. निवडून आल्या २१, म्हणजे २०१९ पेक्षा तीन कमीच. ज्या वर्षी सगळे पक्ष 'लाडक्या बहिणी'च्या दारात दरमहा पैशांचे वचन घेऊन उभे होते, त्याच वर्षीचा हा हिशोब आहे. बाई मतदार म्हणून हवी, लाभार्थी म्हणून तर हवीच हवी. उमेदवार म्हणून मात्र तिची पाळी येत नाही.

त्याच वर्षी लोकसभेला महाराष्ट्रातून ४८ पैकी ७ महिला गेल्या. सुप्रिया सुळे, प्रणिती शिंदे, वर्षा गायकवाड यांच्यामागे वडिलांचे नाव आहे. प्रतिभा धानोरकर यांच्यामागे दिवंगत पतीचे, रक्षा खडसे यांच्यामागे सासऱ्यांचे. घराणे नसते तर यातली किती तिकिटे मिळाली असती, हा प्रश्न रास्त आहे. पण तोच प्रश्न ४१ पुरुष खासदारांनाही विचारायला हवा, तो कोणी विचारत नाही. शिवाय याच यादीत शोभा बच्छाव नाशिकच्या महापौर होत्या, स्मिता वाघ जळगाव जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष, आणि रक्षा खडसे स्वतः सरपंच होत्या. खालच्या आरक्षणाची शिडी काही जणींना वर नेते, एवढे तरी यातून दिसते. आमच्या सावनेरमध्ये २०२४ ला सुनील केदार शिक्षेमुळे अपात्र होते, म्हणून काँग्रेसने त्यांच्या पत्नी अनुजा केदार यांना उभे केले. त्या आशिष देशमुखांकडून हरल्या. रामटेकला बायकोच्या जागी नवरा, सावनेरला नवऱ्याच्या जागी बायको. एकाच वर्षात, एकाच तालुक्यातल्या मतदाराने दोन्ही पाहिले.

तिकीट पक्षांच्या मर्जीवर सोडले तर काय होते, याची उदाहरणे देशातच आहेत. बिजू जनता दलाने २०१९ ला ओडिशात २१ पैकी ७ उमेदवाऱ्या महिलांना दिल्या, त्यांतल्या ५ जिंकल्या. तृणमूलही सातत्याने महिलांना उभे करते. पण काँग्रेसने २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात ४० टक्के तिकिटे बायकांना दिली तेव्हा पक्षाचीच हवा नव्हती. अख्ख्या राज्यात दोन जागा आल्या. पडायच्या जागा बायकांना द्यायच्या ही युक्ती जगभर ओळखीची आहे. अर्जेंटिनाने १९९१ मध्ये उमेदवार यादीत ३० टक्के महिला सक्तीच्या केल्या, आणि निवडून येण्यासारख्या क्रमांकावर त्या असाव्यात अशीही अट घातली. फ्रान्सने २००० मध्ये समान उमेदवारीचा कायदा केला, तेव्हा मोठ्या पक्षांनी पुरुष उभे करून दंड भरणे पसंत केले. पाकिस्तान आणि बांगलादेशात राखीव जागा पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटल्या जातात. त्या खासदार बाईला मतदारसंघच नसतो, सगळी निष्ठा नेत्याकडे. रवांडाचे नाव ६० टक्क्यांहून जास्त महिलांसाठी कौतुकाने घेतले जाते, पण त्या संसदेला सरकारपुढे किती बोलता येते हेही बघावे. नेपाळने पक्षाच्या महापौर-उपमहापौरपदाच्या उमेदवारांत एक महिला सक्तीची केली. पक्षांनी बहुतेक ठिकाणी तिला उपपदावर बसवले. कायदा कसाही लिहा, पक्ष त्यातली फट शोधतोच. म्हणून कायदा कसा लिहिला आहे याला टक्क्यांपेक्षा जास्त महत्त्व आहे.

आपला कायदा लिहायला सत्तावीस वर्षे लागली. सप्टेंबर १९९६ मध्ये देवेगौडा सरकारने पहिले विधेयक आणले. गीता मुखर्जी समितीने ते तपासले. शरद यादवांनी 'परकट्या' बायकांवर केलेली शेरेबाजी गाजली. विधेयके पडत, फाटत, बुडत राहिली. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत ते १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले. तो एक कोण, तर शेतकरी संघटनेचे शरद जोशी. ज्या माणसाने चांदवडला लाखो बायका जमवल्या, बायकांच्या पंचायती निवडून आणल्या, त्यानेच विरोधात मत दिले. त्या मताची तेव्हा टिंगल झाली. जोशींचा आक्षेप आरक्षणाला नव्हता. सोडत आणि फिरती पाळी यांना होता. त्या विधेयकात तीन निवडणुकांत एकदाच एक मतदारसंघ राखीव राहणार होता. पुढच्या वेळी जागा जाणार हे ठाऊक असेल तर बाई मतदारसंघ बांधणार कशाला, आणि शेजारचा पुरुष आमदार तरी आपला मतदारसंघ सांभाळणार कशाला? मला तो आक्षेप आजही बरोबर वाटतो. गावात पाच वर्षे कष्ट करून उभी राहिलेली सरपंच बाई पुढच्या सोडतीत घरी बसते, हे आपण रोज पाहतो.

२०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे नारी शक्ती वंदन अधिनियमाने, यात एक चांगला बदल केला. राखीव जागा बदलतील त्या पुढच्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर. म्हणजे एका बाईला एकाच जागेवर दोन वेळा लढायची संधी मिळू शकते. पण आरक्षण सुरू होण्यालाच अट घातली : आधी जनगणना, मग पुनर्रचना, मग आरक्षण. शिवाय मुदत पंधरा वर्षे, आणि राज्यसभा, विधान परिषद यांतून वगळलेली. लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी विधेयक मंजूर झाले. त्या दोनपैकी एक मत पुन्हा महाराष्ट्रातलेच होते, छत्रपती संभाजीनगरचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचे. दुसरे त्यांचे नेते असदुद्दीन ओवैसी यांचे. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना वेगळा वाटा नाही, ही त्यांची तक्रार होती.

मुस्लिम कोट्याचा प्रश्न घटनेच्या चौकटीत वेगळा आहे, त्यात इथे शिरत नाही. पण ओबीसींबाबतची तक्रार विदर्भाने हसण्यावारी नेऊ नये. ग्रामपंचायतीत आणि जिल्हा परिषदेत कुणबी, तेली, माळी घरातल्या बायका नामाप्र महिला म्हणून निवडून येतात. विधानसभेत हा प्रवर्गच नसल्याने त्यांच्या हातची पायरी निसटते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नागपूर जिल्हा परिषदेच्या ५८ पैकी १६ ओबीसी सदस्यांची पदे एका फटक्यात गेली, तेव्हा आरक्षणाचा धागा किती पातळ असतो ते जिल्ह्याने अनुभवले आहे.

सध्याच्या २८८ जागांप्रमाणे महाराष्ट्र विधानसभेत ९६ महिला येतील, लोकसभेच्या ४८ मध्ये १६. पुनर्रचनेत आकडे बदलतील. राज्यात लोकसभेच्या पाच जागा अनुसूचित जातीसाठी राखीव आहेत आणि रामटेक त्यांतली एक. पाचाचा तिसरा हिस्सा एक धरा की दोन, रामटेक महिला राखीव होण्याची शक्यता चांगलीच आहे. तेव्हा उमेदवार शोधायला पक्ष कुठे जातील? कारभार जाणणाऱ्या बायका आहेत. पाणीपुरवठ्याची योजना कुठे अडली, राखेच्या बंधाऱ्याजवळच्या विहिरींचे काय झाले, शाळेच्या खोल्या कोणी अडवल्या, हे त्यांना तोंडपाठ असते. पण जानेवारी २०२५ मध्ये नागपूर जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ना सभा उरली, ना सदस्य, ना अध्यक्ष. दिल्लीतल्या राखीव जागेसाठी बायका जिथे तयार होतात, तेच सभागृह कुलूपबंद झाले.